शून्य, एक, तीन

गोव्यातल्या पाळी गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे. तो वर्षातून एकदाच चालू होतो, खंडेनवमीला. त्या दिवशी त्याच्यावरची खाणीची लाल धूळ पुसतात, त्याला गंध लावतात, झेंडूची माळ घालतात आणि बटण दाबतात. पडद्यावर अक्षरं उमटली की आरती होते, चण्याचा प्रसाद वाटला जातो आणि यंत्र पुन्हा वर्षभरासाठी बंद. बारा वर्षं हे असंच चाललेलं आहे.

यंदा बटण दाबल्यावर अक्षरं उमटली नाहीत.

मला हे कळलं ते दसऱ्यानंतरच्या शनिवारी, सकाळी नऊ वाजता, वाचनालयाच्या पायरीवर. मी पेडण्याची. भूशास्त्रात एम.एस्सी. करून आता पणजीच्या एका संशोधन संस्थेत भूजलाचं काम करते. त्या सर्व्हरमधली माहिती माझ्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, एवढ्याच कामासाठी मी आले होते. तासाभराचं काम, असं मी आमच्या सरांना सांगून ठेवलं होतं.

पायरीवर गोकुळदासबाब बसले होते. वय एकाहत्तर, अंगानं सुपारीच्या झाडासारखे सडसडीत. त्यांचं कुळागर खाणीच्या खड्ड्यापासून पाऊण किलोमीटरवर आहे. सुपारी, मिरी, थोडे माड, आणि या सगळ्याला पाणी पुरवणारी एक झर. १९९९ साली गावातल्या काही शिक्षकांनी विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचं ठरवलं, तेव्हा मोजायचं काम गोकुळदासबाबांनी घेतलं. दर आयतारी, म्हणजे रविवारी, सकाळी नऊ विहिरी, हातात फीत. हे त्यांनी २०१२ पर्यंत केलं, खाणी बंद होईपर्यंत. सातशेच्या आसपास रविवार होतात. आकडे ते वहीत लिहायचे आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या विनोदिनीबाय ते त्यात चढवायच्या. वह्या पुढे वाळवीनं खाल्ल्या. विनोदिनीबायनी टेपेवर प्रत काढून ठेवली होती, त्या टेपेला दोन पावसाळ्यांत बुरशी आली. उरला सर्व्हर.

आता त्या खड्ड्यातलं पाणी उपसून खाण पुन्हा सुरू करायची होती. किती खोल उपसायचं हे एक समिती ठरवणार होती आणि तिची सुनावणी येत्या बुधवारी होती. खाणवाल्यांच्या अहवालात २०१३ च्या मे महिन्यातली पातळी मूळ धरली होती, जमिनीखाली अकरा मीटर. गोकुळदासबाबांचं म्हणणं, खोल उपसा सुरू व्हायच्या आधी भर मे महिन्यातही पाणी चार मीटरवर असायचं. पण तोंडी सांगितलेली पातळी समिती धरत नाही.

"बाय, झर सुकली तर माझं कुळागर म्हणजे नुसतं जळण गो," ते म्हणाले. "आणि ह्यो पेटारो ह्याच वर्षी रुसला."

"रुसला नाही बाब, बिघडला असेल. बघते मी."

"बघ, बघ," आतून आवाज आला. "इंजिनेर इली!"

हा बाबली. पूर्वी खाणीचा टिप्पर चालवायचा. सावंतवाडीकडचा माणूस, कामासाठी आला आणि पाळीतच राहिला. खाणी बंद झाल्यावर वाचनालयाची देखभाल त्याच्याकडे आली. मी इंजिनिअर नाही, हे मी त्याला सांगितलं. "तर मग काय?" त्यानं विचारलं. मी भूशास्त्र म्हटलं. "म्हंजे दगड," तो म्हणाला. "बरा. ह्या पण आता दगडच झाला हा."

खोली छोटी होती. एकच जनेल, म्हणजे खिडकी, तीही रस्त्याच्या बाजूला. मेजावर गुडघ्याएवढ्या उंचीचा काळा पेटारा, त्यावर सुकलेली झेंडूची माळ. दरवर्षी पूजेआधीची सफाई विनोदिनीबाय स्वतः करायच्या. यंदा त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्या तेरेखोलला मुलीकडे होत्या. म्हणून सफाई बाबली आणि गोकुळदासबाबांनी केली.

"साफ म्हंजे असो साफ केलंय," बाबली म्हणाला, "टिप्पराचा इंजिन पण असा साफ केला नाय कधी. सगळे पार्ट भायर काढले. ब्रश मारलो. परत लावले."

सगळे पार्ट बाहेर काढले, हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

मी झाकण उघडलं. आत तीन डिस्क होत्या, तिन्ही हुबेहूब सारख्या, एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघाल्यासारख्या. एका कार्डापासून निघालेली चपटी करडी केबल तिघींना जोडत पुढे गेली होती. या पद्धतीला स्कझी म्हणतात. आजच्या यंत्रांत ती दिसत नाही, मीसुद्धा तिच्याबद्दल फक्त वाचलेलं होतं. तत्त्व सोपं आहे. एकाच केबलवर अनेक यंत्रं बसतात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा नंबर लागतो. नंबर द्यायला डिस्कच्या मागे बारीक पिनांच्या चार जोड्या असतात. पहिलीची किंमत एक, दुसरीची दोन, तिसरीची चार, चौथीची आठ. ज्या जोडीवर तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी बसवाल तिची किंमत धरायची आणि बेरीज करायची. टोपी नसेल तर शून्य.

मला वाटलं, सफाईत टोप्या हलल्या असणार. मी डिस्कांवरच्या सगळ्या टोप्या चिमट्यानं काढल्या, स्पिरिटनं पुसल्या, मेजावर ठेवल्या. एका डिस्कच्या पिनाही पुसल्या. मग केबलवर कार्डाच्या बाजूनं जो क्रम दिसला त्या क्रमानं नंबर दिले, शून्य, एक, दोन. शेवटी एक टोपी उरली. जास्तीची असेल म्हणून ती मी पाकिटात ठेवली.

आधी कुठली टोपी कुठे होती, हे मी लिहिलं नाही. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात, काहीही हलवण्याआधी आहे ते नोंदवा. पाच वर्षं मी ते पाळलं होतं.

बटण दाबलं. पंखा घरघरला, डिस्का एकामागून एक शिटी घालत फिरू लागल्या. पडद्यावर एक डिस्क दिसली, मग नाहीशी झाली, मग दोन दिसल्या. मग सगळं थांबलं आणि एक ओळ आली. डिस्कांची मांडणी बदललेली आहे, नवी मांडणी स्वीकारायची का? वाय किंवा एन.

"वाय म्हंजे येस ना?" बाबली माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "दाब तर मगे."

माझं बोट वायवर गेलेलं होतं. मग मला वाटलं, स्वीकारायची म्हणजे नक्की काय? नवी स्वीकारली तर जुनीचं काय होतं? उत्तर ठाऊक नव्हतं. मी हात मागे घेतला आणि विनोदिनीबायना फोन लावला.

मी काय केलं ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वाय दाबलंस?"

"नाही."

"देव बरें करूं. बंद कर. आणि आता पुन्हा चालू करायचं नाही, मी सांगेपर्यंत. त्या डिस्का पंचवीस वर्षांच्या आहेत. प्रत्येक वेळी चालू करताना त्या निघतीलच याची खात्री मला नाही, तुला कुठून असणार?"

"तुम्ही फोनवरून सांगाल का काय करायचं ते?"

"फोनवरून सांगून तू काय करशील ते मला आताच कळलं," त्या म्हणाल्या. "इथे ये. मला घेऊन जा."

तेरेखोलच्या समोरच्या काठावर केरी, तिथपर्यंत स्कूटरनं दीड तास लागला. स्कूटर धक्क्यावर ठेवून मी फेरीनं तेरेखोलला गेले. विनोदिनीबाय मुलीच्या, शीतलच्या, ओसरीवर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. साठीच्या आतल्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले. मूळच्या कारापूरच्या. बारावीनंतर टायपिंग शिकून त्या या कामाला लागल्या होत्या. कॉम्प्युटरची पदवी नाही, कुठला कोर्सही नाही. सर्व्हरबरोबर आलेलं चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं होतं. तेवढीच त्यांची शाळा.

शीतल चिडलेली होती. "डॉक्टरनं महिनाभर धुळीत जाऊ नको म्हणून सांगितलंय. आणि ही चालली पाळीला! जगातली सगळी धूळ तिथंच तयार होते."

"मी धुळीत जात नाही. जनेलाशी लांब बसते. धुळीत ही जाईल," विनोदिनीबाय माझ्याकडे बोट करत म्हणाल्या. "शीतल, तू गाडी काढ."

फेरीवर गाडी चढवल्यावर आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. मी विचारलं, डिस्क एकदा दिसते, एकदा नाही, असं का व्हावं? नंबर चुकला असेल तर ती चुकीच्या नंबरावर तरी सतत दिसायला हवी.

त्या पहिल्यांदाच खूष झाल्यासारख्या दिसल्या. "हे बरोबर विचारलंस. नंबर चुकला की माणूस दुसऱ्याच्या नावावर हजेरी देतो. पण देतो. हे निराळं आहे. केबलच्या शेवटी एक ठोकळा होता, बोटभर लांब, त्याला पुढे वायर नाही. तो तुला दिसला?"

"नाही. केबलचं टोक मोकळं होतं."

"मग खाली बघ."

फेरी धक्क्यापासून सुटत होती. तिच्या लाटा एका बाजूला धक्क्याच्या सिमेंटच्या भिंतीवर जात होत्या आणि तशाच उलट येत होत्या. येणाऱ्या आणि जाणाऱ्या एकमेकींत घुसून पाणी नुसतं खवळलं होतं, कुठली लाट कुठली ते कळत नव्हतं. दुसऱ्या बाजूला उताराची पुळण होती. तिथे गेलेली लाट वाळूत चढली आणि तिथेच जिरली. परत काही आलं नाही.

"केबलचं टोक मोकळं ठेवलं तर ती भिंत," त्या म्हणाल्या. "सिग्नल शेवटाला जातो, पुढे वाट नाही, मागे फिरतो आणि पाठून येणाऱ्यावर आपटतो. तो ठोकळा म्हणजे पुळण. त्याला टर्मिनेटर म्हणतात. तो काही करत नाही, आलेलं जिरवतो फक्त."

परावर्तन मी पदवीला शिकले होते, दोरीवरच्या लाटांचं समीकरणसुद्धा लिहून दाखवू शकले असते. पण त्या केबलकडे बघताना ते मला आठवलं नव्हतं. विनोदिनीबायना समीकरण माहीत नव्हतं आणि त्या लेकीकडे जायला कित्येक वर्षं या फेरीनं ये-जा करत होत्या.

वाटेत त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. माहिती एकेका डिस्कवर सबंध नव्हती. कार्डानं ती तुकडे करून तिघींवर वाटली होती आणि कुठला तुकडा कुणाकडे हे ते नंबरावरून ओळखत होतं. नंबर बदलले तर त्याला ही नवीच मांडणी वाटते. वाय म्हटलं की ते नव्यानं पाटी पुसून बसतं.

"मूळ नंबर आठवतात तुम्हाला?"

"शून्य, एक, तीन. दोन नंबर टेपयंत्राचा होता. ते गेलं, नंबर रिकामा ठेवला. सात नंबर कार्डाचा, त्याचा मान सगळ्यांत वरचा. जत्रेत ठरलेला असतो तसा. दोघं एकदम बोलायला लागले तर आधी कोण, ते मानावरून ठरतं." त्यांनी चष्मा सारखा केला. "नंबर आठवतात. पण कुठली डिस्क कुठल्या नंबराची हे कळायचं कसं? तिघीही सारख्याच. लेबलावरचा आकडा मी लिहून ठेवायला हवा होता. ती माझी चूक."

"माझ्याकडे एक टोपी उरली आहे," मी म्हटलं.

"उरणारच. शून्य-एक-तीनला तीन टोप्या लागतात, शून्य-एक-दोनला दोन. यंत्र जोडल्यावर भाग उरला म्हणजे यंत्र सुधारलं, असं मी आजवर फक्त बाबलीला वाटताना बघितलंय."

शीतल गाडी चालवता चालवता हसली. मी नाही.

वाचनालयात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. विनोदिनीबाय जनेलापासून लांब कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि बाबलीला समोर उभं केलं.

"बाबली, ठोकळा खंय?"

"कसलो ठोकळो?"

"केबलच्या शेवटी होता. बोटाएवढा."

"तो? तेका वायरच नाय होती, बाय. माका वाटला मोडको आसा. असलो मोडको पार्ट देवासमोर कित्याक ठेवूचो? म्हणान काढून टाकलंय."

"कुठे टाकलास?"

बाबलीनं गोकुळदासबाबांकडे बघितलं. गोकुळदासबाबांनी छताकडे.

"निर्माल्यात," बाबली म्हणाला. "पूजेच्या ताटात रवलेलो. फुलांवांगडा गेलो."

गावात निर्माल्य वाहत्या पाण्यात टाकत नाहीत, झाडाच्या बुंध्याशी घालतात. वाचनालयाचं निर्माल्य गोकुळदासबाब आपल्या कुळागरात नेतात. आम्ही तिघं कुळागरात गेलो. चौथ्या ओळीतल्या एका पोफळीखाली ओल्या झेंडूंचा ढीग होता. बाबली गुडघ्यांवर बसून तो उपसू लागला आणि स्वतःलाच शिव्या देऊ लागला. नारळाची शेंडी निघाली, कापूर निघाला, केळीचं पान निघालं. मग तळाशी तो ठोकळा निघाला, झेंडूच्या पाकळ्या चिकटलेला.

"पोफळीक खत घातलंस रे तू," गोकुळदासबाब म्हणाले. "सुपारीच्या जागी डिस्का लागतल्यो आता."

ठोकळ्याच्या दोन पिना वाकल्या होत्या. विनोदिनीबायनी पदराची सेफ्टी पिन काढून माझ्या हातात दिली. त्या दुरून सांगत गेल्या आणि मी पिना सरळ करत गेले. जोर बुंध्याशी लावायचा, टोकाला नाही. एका वेळी केसभरच. मग स्पिरिट, मग पंख्याखाली अर्धा तास. या अर्ध्या तासात त्यांनी शीतलला पोई पाव आणि चहा आणायला लावला आणि मला सकाळच्या टोप्या काढून तिन्ही डिस्का मेजावर उताण्या मांडायला सांगितल्या.

"भिंग आहे?"

भिंग माझ्याकडे असतंच. दगड बघायचं.

"टॉर्च धर. एकेका डिस्कच्या पिना बघ. एक, दोन, चार, आठ, चारही जोड्या. प्रत्येक पिन चकचकीत आहे की मळकी, एवढंच सांग."

"म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की—"

"मला काय वाटतंय ते नको. तुला काय वाटतंय तेही नको. दिसतंय ते सांग."

मी भिंग लावलं. पहिल्या डिस्कच्या आठही पिनांवर बारीक तांबूस थर होता, पातळ चहा वाळल्यासारखा. मी तसं सांगितलं. विनोदिनीबायनी मान हलवली.

दुसरी डिस्क. पहिली जोडी चकचकीत, सोन्यासारखी. बाकी तिन्ही जोड्या तांबूस.

मग मला ते कळलं आणि मी भिंग धरून तशीच वाकलेली राहिले. ही खोली रस्त्याला लागून होती. वर्षानुवर्षं या रस्त्यानं खनिजाचे टिप्पर गेले, त्यांची धूळ या जनेलातून आत आली आणि प्रत्येक गोष्टीवर बसली. टोपीखालच्या पिना मात्र झाकलेल्या होत्या. बाबलीचा ब्रश वरून फिरला, पिनांच्या मध्ये तो जाऊच शकत नव्हता. मी बसवलेल्या टोप्या सकाळच्याच, त्यांच्यामुळे फरक पडायचा नव्हता. जुने नंबर धुळीनं लिहून ठेवलेले होते.

"थांबलीस का? तिसरी सांग."

"तिसरीच्या सगळ्या पिना चकचकीत आहेत," मी म्हटलं. "ती... ती मी पुसली होती. स्पिरिटनं."

मी ओरडा खायच्या तयारीत होते. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"सगळ्या मळक्या ती शून्य. पहिलीच चकचकीत ती एक. नंबर एकूण तीनच होते, शून्य, एक, तीन. मग उरलेली कोण?"

"तीन."

"नशीब तू एकच पुसलीस. अजून एक पुसली असतीस तर आपण चिठ्ठ्या टाकत बसलो असतो. लाव टोप्या. पाकिटातली काढ."

टोप्या मी लावल्या आणि त्यांनी प्रत्येक वेळी मला मोठ्यानं वाचायला लावल्या. डिस्का केबलवर कुठल्या क्रमानं लावू, हेही मी विचारलं. "कुठल्याही," त्या म्हणाल्या. "मुलाला कुठल्याही बाकावर बसव, हजेरीत नंबर तोच. सकाळी तू बाकावरून नंबर दिलेस, तिथंच फसलीस." शेवटी ठोकळा केबलच्या टोकाला दाबून बसवला. त्यांनी तो दोनदा ओढून बघायला लावला. मग तिन्ही डिस्कांच्या लेबलांवरचे आकडे आणि त्यांचे नंबर त्यांनी माझ्या वहीत लिहून घेतले, वर तारीख घातली. हे झाल्याशिवाय त्या बटणाला हात लावू देईनात.

गोकुळदासबाब दारात उभे होते. सबंध दिवसात त्यांनी एकदाही घाई केली नव्हती. आता मात्र त्यांनी चौकट धरली होती.

"चालू कर," विनोदिनीबाय म्हणाल्या.

पंखा. पहिली शिटी. मग बराच वेळ काहीच नाही आणि बाबली काहीतरी पुटपुटू लागला. मग दुसरी शिटी. तिसरी डिस्क खडखडली, थांबली, पुन्हा खडखडली. विनोदिनीबायनी काळा चष्मा काढला नाही पण डोकं तिरकं करून ऐकू लागल्या. "ती नेहमीच अशी निघते," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी दोनदा खोकली. थांब."

मग तीही सुरात लागली. पडद्यावर ओळी आल्या. शून्य, हजर. एक, हजर. तीन, हजर. सात, कार्ड. वाय आणि एनचा प्रश्न आला नाही.

मी नेटवर्कची वायर लॅपटॉपला जोडली. सगळी नोंद उतरायला एक मिनिटही लागलं नाही. साडेतेरा वर्षं, नऊ विहिरी, सातशे रविवार, आणि ती फाइल माझ्या फोनमधल्या एखाद्या फोटोपेक्षा लहान होती. मी तिच्या तीन प्रती काढल्या, तीन ठिकाणी. मग पहिली ओळ वाचली.

"चार एप्रिल १९९९. विहीर पहिली. तीन मीटर ऐंशी."

"आमच्या घरची," गोकुळदासबाब म्हणाले. "त्या दिसा फीत नवी होती. म्हणून आधी घरची मोजली." त्यांनी चौकट सोडली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

बुधवारी सुनावणीला आम्ही सगळे गेलो. विनोदिनीबाय काळा चष्मा लावून. समितीतल्या एका सदस्यानं आमचा तक्ता शेवटपर्यंत वाचला, अगदी ओळीओळीनं. मग त्यानं खाणवाल्यांच्या वकिलाला जे विचारायचं होतं तेच स्वतः विचारलं. हे आकडे आता बसून तयार केलेले नाहीत कशावरून?

कोणी काही बोलायच्या आत त्यानं पान उलटलं. "आणि हे काय आहे? २००६, जुलै ते ऑगस्ट. पाच रविवार. सगळ्या विहिरी कोऱ्या."

गोकुळदासबाब उठून उभे राहिले. "माडावरून पडलों, सायब. पाय मोडला. पाच आयतार खाटीवर."

"दुसरं कोणी मोजलं नाही?"

"ह्यो गेलेलो," त्यांनी बाबलीकडे हात केला. "पहिल्याच विहिरीत फीत पाडून आयलो."

सभागृहात हशा पिकला. बाबली खाली बघत राहिला. "सहाव्या आयताराक नवी फीत हाडली," गोकुळदासबाब पुढे म्हणाले, "आणि मी कुबडी घेऊन गेलों."

सदस्य हसला नाही. त्यानं विनोदिनीबायकडे बघितलं. "आकडे तुम्ही चढवत होता? आधीचं आणि नंतरचं वाचन तुमच्याकडे होतं. मधले पाच आकडे हिशेबानं सहज भरता आले असते. तक्ता पुरा दिसला असता."

"आले असते," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मोजले नव्हते."

मग त्यानं शेजारच्या सदस्याशी हळू आवाजात बोलून समोरच्या कागदावर लिहायला सुरुवात केली. दुपारी निर्णय वाचून दाखवला, त्यात २०१३ ची पातळी नव्हती. १९९९ ते २००३ या पाच वर्षांतल्या मे महिन्यांची सरासरी मूळ धरली होती, चार मीटर दहा. पहिल्या विहिरीचं पाणी त्याहून अर्धा मीटर खाली गेलं की त्या दिवसापासून उपसा बंद. पातळी आठवड्यातून एकदा मोजायची आणि नोंद जाहीर लावायची.

"हे मोजणार कोण, ते गावानं ठरवून कळवावं," सदस्य कागद ठेवत म्हणाला.

निर्णय ऐकायला उठलेले गोकुळदासबाब अजून खाली बसलेच नव्हते.

"कळवूक कित्याक जाय," ते म्हणाले. "आयतार चार दिसांनी आसा."